एक गुडघा, दोन पगार: महिला रग्बी लीगमधल्या एका प्रॉपचं प्रकरण

ऑस्ट्रेलियातल्या महिला रग्बी लीग खेळाडूंना २०२३ साली पहिल्यांदा सामूहिक करार, म्हणजे खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यातला सगळ्यांना लागू होणारा करार, मिळाला. किमान वेतन ठरलं, खासगी आरोग्य विमा आला, एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचे करार करता येऊ लागले. बातम्यांत सगळीकडे एकच शब्द होता: व्यावसायिक. त्या वर्षी दोन करार समोर घेऊन बसलेल्या एका खेळाडूचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून क्लब, शहर आणि रुग्णालय यांची नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत आणि पैशांचे आकडे गोल केले आहेत.

पार्श्वभूमी

ती १९९५ची, पश्चिम सिडनीतल्या सामोअन कुटुंबातली. त्या भागात शनिवारी सकाळी कुठल्याही मैदानावर गेलात तर पॅसिफिक बेटांवरून आलेल्या घरांतली मुलं रग्बी लीग खेळताना दिसतात. तीही भावांबरोबर खेळली, पण बाराव्या वर्षापर्यंतच. त्यानंतर मुलामुलींनी एकत्र खेळायचं नाही असा नियम होता आणि मुलींचा वेगळा संघ जवळपास कुठे नव्हता. मग नेटबॉल, मग टच फुटबॉल, म्हणजे पाडण्याऐवजी नुसता स्पर्श करायचा रग्बी लीगचा प्रकार. टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, असलेला खेळ पुन्हा हाताला लागला तो एकोणिसाव्या वर्षी, थेट मोठ्या बायकांच्या संघात. मधली सात वर्षं तिची गेलीच. अंगावर येणाऱ्या माणसाला कसं धरायचं, खाली पडताना मान आणि गुडघा कसा सांभाळायचा, हे मुलगे ज्या वयात शिकतात त्या वयात ती नेटबॉलच्या रिंगमध्ये चेंडू टाकत होती. तिच्या पिढीतल्या बहुतेक खेळाडूंची हीच कथा आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रग्बी लीग म्हणजे मुंबईच्या जिमखान्यावर किंवा पुण्यात खेळतात ते रग्बी नव्हे. ते युनियन, पंधरा जणांचं. लीगमध्ये प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू. चेंडू घेऊन धावायचं, समोरच्यांनी पाडलं की उठून टाचेने चेंडू मागे द्यायचा आणि पुन्हा धावायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. प्रॉप या जागेवरच्या खेळाडूचं काम यात सगळ्यात अनाकर्षक: आपल्या गोलरेषेजवळून चेंडू घ्यायचा, तीन जणींच्या भिंतीत शिरायचं, आठ-दहा मीटर मिळवायचे, आणि मग बचावात तेच उलट्या बाजूने. कबड्डीत कोपरा सांभाळणारीला जसं नाव कमी आणि मार जास्त, तसंच.

२०१४ ते २०१६ तिने नर्सिंगची पदवी केली. २०१७पासून एका सरकारी रुग्णालयात नोकरीला. २०१८ साली एनआरएलडब्ल्यू ही राष्ट्रीय महिला स्पर्धा सुरू झाली तेव्हा चारच संघ होते: ब्रिस्बेन ब्रॉन्कोज, सिडनी रूस्टर्स, सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्स आणि न्यूझीलंड वॉरियर्स. प्रत्येकी तीन सामने आणि मग अंतिम सामना. अख्खी स्पर्धा सात सामन्यांत आटपली. तिला त्यातल्या एका संघात जागा मिळाली, आणि पैसे मिळाले ते प्रवास नि जेवणखाण निघेल इतपत. पहिल्या हंगामासाठी तिने वार्षिक रजा वापरली, पुढच्या हंगामासाठी मैत्रिणींबरोबर रात्रपाळ्यांची अदलाबदल केली. कोविडमुळे २०२१चा हंगाम पुढे ढकलला जाऊन २०२२च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुढचा हंगाम सुरू झाला. एका वर्षात दोन हंगाम आणि वर नोकरी. त्या वर्षाबद्दल ती एवढंच सांगते की झोप कधी घेतली ते आठवत नाही.

घरच्यांचा विरोध फारसा नव्हता, पण तिच्या पगाराचा एक भाग दर महिन्याला सामोआत आजीकडे जायचा. त्यामुळे पैशाचा कुठलाही निर्णय तिच्या एकटीचा नसे.

प्रश्न

२०२३मध्ये स्पर्धा सहावरून दहा संघांची झाली. साखळीत नऊ फेऱ्या, मग उपांत्य आणि अंतिम सामना. प्रत्येक क्लबला चोवीस खेळाडूंच्या एकूण पगारासाठी ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा. म्हणजे सरासरी ३७,५०० आणि किमान ३०,०००. (पुरुषांच्या क्लबची मर्यादा त्याच वर्षी १ कोटी २० लाखांच्या वर होती, ते असो.) २०२७पर्यंत किमान वेतन ५० हजारांच्या थोडं वर जाणार हेही करारात लिहिलेलं.

३० हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने सोळा-साडेसोळा लाख रुपये. आपल्याकडे हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण ऑस्ट्रेलियात जुलै २०२३पासून कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला २३.२३ डॉलर होतं. दुकानात पूर्णवेळ माल लावणाऱ्याला त्या दराने वर्षाला ४५,९०० डॉलर मिळतात. थोडक्यात, राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारीला वर्षभर जगण्यापुरते पैसे अजून मिळत नव्हते. पूर्वतयारी धरून मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे ते पैसे होते, आणि तेवढ्या काळासाठी ते बरेही होते. उरलेल्या महिन्यांत स्वतःची सोय स्वतः पाहायची.

आपल्या कबड्डी-खो-खोवाल्या मुलींचं गणित याच्या उलट चालतं. खेळाचा पगार जवळपास नाही, पण खेळाच्या जोरावर रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत लागलं की जन्माची ददात मिटते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. तिथे खेळ नोकरी मिळवून देतो. ऑस्ट्रेलियातल्या या खेळाडूला खेळाचा पगार मिळाला, पण नोकरी तिची तिलाच सांभाळायची होती, आणि तिच्या रुग्णालयाला ती चेंडू घेऊन किती मीटर धावते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

तेव्हा ती अठ्ठावीसची होती. प्रॉपचं शरीर तिशीच्या पुढे किती वर्षं साथ देईल हे कुणी सांगू शकत नाही. एजंटने दोन प्रस्ताव आणले.

समोरचे पर्याय

पहिला प्रस्ताव सिडनीतल्या जुन्या क्लबचा: एक वर्ष, किमान वेतन, ३० हजार. राहतं घर तेच, जोडीदार तिथेच, हंगामात नोकरी निम्म्या वेळेवर आणायची.

दुसरा दुसऱ्या शहरातल्या क्लबचा: दोन वर्षं, पहिल्या वर्षी ४८ हजार, दुसऱ्या वर्षी ५२ हजार. तिथे राहायला जावं लागणार आणि हंगामभर नोकरी पूर्ण बंद.

तिसराही एक पर्याय होता, जो एजंटने आणला नव्हता: राष्ट्रीय स्पर्धा सोडायची, राज्यस्तरीय स्पर्धेत शनिवार-रविवार खेळायचं आणि पूर्णवेळ नर्स राहायचं. पगार ७८ हजार, वर रात्रपाळीचे नि सुट्टीच्या दिवसांचे भत्ते.

एजंटचं म्हणणं साधं होतं: १८ हजारांचा फरक आहे, दोन वर्षांचा करार आहे, यात विचार कसला करायचा? तिने मात्र एका रविवारी जोडीदाराबरोबर बसून वर्षाऐवजी आठवड्यांचा हिशेब मांडला. या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

नर्सिंगचे आठवड्याला १,५०० डॉलर. पूर्वतयारी आणि हंगाम मिळून २४ आठवडे, उरलेले २८. पहिल्या प्रस्तावात २८ आठवडे पूर्ण पगार म्हणजे ४२ हजार, २४ आठवडे निम्मा म्हणजे १८ हजार, अधिक क्लबचे ३० हजार. बेरीज ९० हजार. दुसऱ्या प्रस्तावात २८ आठवड्यांचे ४२ हजार, अधिक क्लबचे ४८ हजार. बेरीज पुन्हा ९० हजार. पैसा न पैसा सारखा! आणि दुसऱ्या शहरात खोलीचं भाडं आठवड्याला ३५० धरलं तर दुसरा प्रस्ताव ८,४०० डॉलरनी तोट्यात.

म्हणजे १८ हजारांचा फरक कागदावरचाच होता. दुसऱ्या प्रस्तावात खरा फायदा होता तो दोन गोष्टींचा. हंगामात रात्रपाळी नाही, आणि दुसरं वर्ष नक्की. पहिल्या गोष्टीची किंमत तिला ठाऊक होती. रात्री वॉर्डात रुग्णांना कुशीवर वळवून सकाळी स्क्वॉट मारायला गेलेल्या पाठीला ती ठाऊक असतेच. दुसऱ्या गोष्टीची किंमत पुढे कळायची होती.

आणखी एक शंका तिने आधीच फेडून घेतली. इतके महिने काम सोडलं तर नर्सिंगची नोंदणी जाईल का? नियम पाच वर्षांत ४५० तास काम केलेलं असावं असा आहे. २८ आठवडे काम करणारीला त्याची चिंता नव्हती.

निर्णय

तिने दुसरा प्रस्ताव घेतला. पण सही करण्याआधी ती नर्सिंग मॅनेजरकडे गेली. राजीनामा द्यायचा नाही, हंगामापुरती बिनपगारी रजा मागायची, असं तिने ठरवलं होतं. मॅनेजर स्वतः रग्बी लीग पाहणारी होती. तिने मे ते ऑक्टोबर २०२३ची रजा लेखी मंजूर केली आणि तोंडी म्हणाली, ‘पुढच्या वर्षीचंही बघू गं, काळजी करू नकोस.’

तिथे एक कागद कमी पडला. क्लबचा करार दोन वर्षांचा होता, रुग्णालयाचं पत्र एका वर्षाचं. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले असते तर ही फट लगेच दिसली असती. एजंटचं लक्ष क्लबच्या कागदावर होतं, मॅनेजरचं रुग्णालयाच्या. दोन्ही एकत्र पाहणारं तिच्याशिवाय कुणीच नव्हतं, आणि ती त्या आठवड्यात सामान बांधत होती.

दुसरी फट याहून मोठी होती, आणि ती तिच्या एकटीची नाही. वॉर्डात काम करताना नर्सची पाठ दुखावली तर कामगार-भरपाईचा कायदा तिच्या मागे उभा राहतो. बुडालेल्या पगाराचा मोठा भाग मिळतो, हलकं काम देण्याची जबाबदारी मालकावर येते. पण ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांनी व्यावसायिक खेळाडूंना या कायद्यातून वगळलेलं आहे. मैदानावर गुडघा गेला तर उपचारांची सोय क्लब आणि आरोग्य विमा यांच्यातून होते, करार असेपर्यंत खेळाचा पगारही चालू राहतो. मात्र त्याच गुडघ्यावर उभं राहून जो दुसरा पगार कमवायचा, तो बुडाला तर कुणीच बांधील नाही. पुरुष खेळाडूंना हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना दुसरा पगारच नसतो. महिलांसाठी करार लिहिताना पुरुषांच्या कराराचा साचा वापरला की अशी जागा रिकामी राहते.

पहिलं वर्ष

फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते चांगलं गेलं. झोप मिळाली, वजन योग्य तिथे वाढलं, सत्तर मिनिटांच्या सामन्यात ती पन्नासेक मिनिटं मैदानावर राहू लागली. एका सामन्यात डोक्याला मार लागला. त्या वर्षी आलेल्या नियमानुसार मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला अकरा दिवस सक्तीने बाहेर बसावं लागे, तशी ती बसली. जुन्या पद्धतीने नोकरीही चालू असती तर त्याच अकरा दिवसांतल्या पाळ्याही बुडाल्या असत्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिने त्या केल्या असत्या. अंतिम सामना न्यूकॅसल नाइट्सने गोल्ड कोस्ट टायटन्सवर २४-१८ असा जिंकला. तिचा संघ त्याआधीच बाहेर पडला होता. ऑक्टोबरात ती वॉर्डात परत आली.

गुडघा

२०२४च्या सुरुवातीला रुग्णालयातली मॅनेजर बदलली. नव्या मॅनेजरने फाइलमध्ये जे होतं तेच पाहिलं, आणि फाइलमध्ये दुसऱ्या वर्षाबद्दल काही नव्हतं. वॉर्डात माणसं कमी होती. शेवटी रजा मिळाली, पण अटीवर: ऑक्टोबरमध्ये पूर्ण क्षमतेने हजर व्हायचं, नाहीतर जागेचा फेरविचार होईल.

जूनमध्ये, पहिल्या फेरीच्या कितीतरी आधी, सरावात दिशा बदलताना तिचा उजवा गुडघा आत वळला. जवळ कुणी नव्हतं, कुणी पाडलं नव्हतं. गुडघ्यातला पुढचा क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, पूर्ण तुटला होता. या दुखापतीचा धोका बायकांना पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त असतो असं अभ्यास सांगत आले आहेत. शरीररचना हे एक कारण सांगतात, पण लहान वयापासून ताकदीचा सराव न मिळणं हेही एक कारण सांगतात, आणि तिची ती बारा ते एकोणीसची सात वर्षं मला इथे आठवतात. एका गुडघ्याचं कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही, हेही खरं.

पहिला प्रश्न शस्त्रक्रिया कुठे करायची हा. आई म्हणत होती सिडनीला ये. क्लब म्हणत होता आमचा सर्जन इथे आहे. तिने क्लबच्या शहरात राहायचं ठरवलं, कारण पहिल्या काही आठवड्यांत रोज फिजिओ मिळणं महत्त्वाचं. मांडीच्या मागच्या स्नायूच्या कंडरेचा तुकडा घेऊन नवा लिगामेंट बसवला. पहिले सहा आठवडे निर्णय अगदी बरोबर ठरला. मग हंगाम सुरू झाला आणि फिजिओचा वेळ साहजिकच खेळणाऱ्यांकडे वळला. सरावाच्या कडेला सायकल मारत बसायचं, संघ बसमध्ये चढला की खोलीवर परत जायचं. ऑगस्टअखेर ती क्लबशी बोलून सिडनीला परतली. उपचार तिथल्या फिजिओकडे, कार्यक्रम क्लबचा, खर्च क्लबकडे. ही व्यवस्था तिने एका साध्या ईमेलवर लिहून घेतली. मागच्या वर्षीच्या तोंडी आश्वासनाने तिला तेवढं शिकवलं होतं.

पैशांची फट

करार ऑक्टोबरअखेर संपणार होता. तोवर ५२ हजारांतले हप्ते ठरल्याप्रमाणे आले, एक दिवसही उशीर नाही. नोव्हेंबरपासून खेळाचा पगार शून्य.

आणि नर्सिंगचा? शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते. चालता येत होतं, जिना चढता येत होता. पण शंभर किलोच्या रुग्णाला सावरणं, दिवसभर बारा-चौदा हजार पावलं चालणं, अचानक धावणं, याला सर्जनने परवानगी दिली नाही. दुखापत कामावर झालेली नव्हती, त्यामुळे हलकं काम मागण्याचा हक्क नव्हता. पगारी आजारी रजा वर्षाला दहा दिवस साठते, आणि बिनपगारी रजेच्या काळात तीही साठत नाही. तिच्या खात्यात चार दिवस होते.

तेव्हा समोर तीन वाटा होत्या. सर्जनच्या सल्ल्याकडे कानाडोळा करून वॉर्डात जायचं. नोकरी सोडून घरून होणारं काही काम शोधायचं. किंवा नव्या मॅनेजरकडे जाऊन सगळं उघड सांगायचं. जोडीदाराचा सल्ला दुसऱ्या वाटेचा होता, आईचा तिसऱ्या. पहिल्या वाटेचा मोह तिला स्वतःला होता, कारण सामोआला जाणारे पैसे थांबवायचे म्हणजे आजीला कारण सांगावं लागणार होतं.

ती मॅनेजरकडे गेली, एकटी नव्हे, नर्सेसच्या युनियनच्या प्रतिनिधीला घेऊन. ही चाल मला महत्त्वाची वाटते. खेळाडू म्हणून गेली असती तर उत्तर कदाचित ‘खेळायला कोणी सांगितलं होतं?’ असं आलं असतं. कर्मचारी म्हणून गेल्यावर चर्चा जागा कोणत्या रिकाम्या आहेत यावर झाली. बाह्यरुग्ण विभागात फोनवरून रुग्णांची चौकशी करायचं बसून करण्याचं काम होतं, आठवड्यातून दोन दिवस. तिने ते घेतलं. आठवड्याला १,५०० ऐवजी ६०० डॉलर. जानेवारीअखेरपर्यंत बारा-तेरा आठवडे असेच गेले, आणि फरकाची बेरीज ११ हजारांच्या आसपास झाली. दुसऱ्या शहराच्या करारातून जे वाचवलं होतं ते सगळं त्यात गेलं. सामोआचे पैसे निम्मे झाले. भावाने उरलेले भरले.

परत येण्याची घाई

क्लबने करार वाढवला नाही. त्यात आकस नव्हता. मैदानात न उतरलेल्या तिशीजवळच्या प्रॉपसाठी पगाराच्या मर्यादेतली जागा कोण अडवेल? पण २०२५मध्ये स्पर्धा बारा संघांची होणार होती. कँटरबरी बुलडॉग्ज नवे, आणि वॉरियर्स परत. दोन क्लब म्हणजे जवळपास पन्नास नव्या जागा. तिला याच्याइतकी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती.

फेब्रुवारीत सिडनीच्या एका क्लबचा निरोप आला: मार्चमध्ये राज्यस्तरीय संघातून दोन-तीन सामने खेळून दाखव, मग बोलू. शस्त्रक्रियेला तेव्हा आठ महिने होत होते. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, हे तिला फिजिओने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यात ताकदीच्या चाचणीत उजवा पाय डाव्याच्या ८२ टक्क्यांवर होता. हवा होता किमान ९०.

एजंट म्हणाला, वीस मिनिटं खेळ, कुणाला कळतंय. ती नाही म्हणाली. मात्र नुसतं नाही म्हणून गप्प बसली नाही. चाचण्यांचे सगळे आकडे, जुन्या सामन्यांच्या चित्रफिती आणि फिजिओचं वेळापत्रक असं सगळं तिने क्लबला पाठवलं आणि लिहिलं की मेमध्ये पूर्वतयारीला पहिल्या दिवशी येते, तेव्हा पाहा. क्लबच्या वैद्यकीय विभागातल्या कुणीतरी ते वाचलं असावं. तिला चाचणीपुरती जागा मिळाली, आणि जूनमध्ये एका वर्षाचा किमान वेतनाचा करार.

त्या हंगामात अकरा फेऱ्या होत्या. ती सात सामन्यांत खेळली, बहुतेक वेळा बेंचवरून, वीस-पंचवीस मिनिटं. पूर्वीची गती परत आलेली नाही, असं तीच सांगते. टॅकलची संख्या मात्र आली.

वेगळं काय करता आलं असतं

आधी हे सांगायला हवं की दुसऱ्या शहराचा करार घेणं चुकलं असं मला वाटत नाही. दुखापतीनंतर अनेकांनी तिला तेच सुनावलं. पण २०२३मध्ये सिडनीचा एका वर्षाचा करार घेतला असता आणि गुडघा जूनमध्येच गेला असता, तर तेव्हा तिच्या हातात कदाचित ३० हजारांचा दुसरा करार असता, कदाचित काहीच नसता. दुसऱ्या वर्षाच्या ५२ हजारांनीच तिला ऑक्टोबरपर्यंत तारलं. हिशेबाच्या रविवारी ज्या गोष्टीची किंमत कळत नव्हती ती हीच.

चुकलं ते कागदांच्या मुदतीत. क्लबकडे दोन वर्षं मान्य करताना रुग्णालयाकडेही दोन वर्षांचंच पत्र मागायला हवं होतं. पहिल्या मॅनेजरच्या काळात ते मिळालंही असतं. निम्म्या वेळेची कायम जागा आणि तासांचं वर्षावारी वाटप हा मार्गही तेव्हा खुला होता. तो कुणाला सुचला नाही.

उत्पन्नाचा विमा घ्यायला हवा होता का? इथे मी साशंक आहे. असे विमे व्यावसायिक खेळातली दुखापत बऱ्याचदा वगळतात, किंवा हप्ता इतका लावतात की ३० हजारांच्या पगारात तो परवडत नाही. त्यापेक्षा नर्सिंगच्या बारा आठवड्यांच्या पगाराएवढी रक्कम पहिल्याच वर्षी बाजूला काढणं जास्त व्यवहार्य होतं. ४८ हजारांतून ते जमलं असतं का, सामोआचे पैसे सांभाळून? अवघड होतं. पण ठरवलेलंच नव्हतं.

एजंटच्या भूमिकेबद्दलही बोलायला हवं. त्याला वाटा मिळतो तो क्लबच्या पैशावर; रुग्णालयाच्या रजेची काळजी करण्याचं त्याला कारण नाही. पुरुष खेळाडूंसोबत काम करून आलेल्या एजंटांना दुसरी नोकरी हा विषयच नवा असतो. तिने हंगामाच्या शेवटी एजंट बदलला. नव्याशी पहिल्या भेटीत तिने दोन कागद टेबलावर ठेवले, क्लबचा आणि रुग्णालयाचा.

क्लबच्या बाजूने एक गोष्ट सहज होण्यासारखी होती. सामूहिक करारात खेळाडूंच्या शिक्षणासाठी आणि मैदानाबाहेरच्या कामासाठी मदतीची तरतूद आहे. पण ती वापरली जाते ती खेळ सोडल्यानंतरच्या आयुष्याची तयारी म्हणून. या खेळाडूकडे मैदानाबाहेरचं आयुष्य आधीपासूनच होतं, आठवड्याला १,५०० डॉलर देणारं. करार करताना क्लबमधल्या एखाद्याने तिच्या मालकाला एक फोन केला असता, तर रजेचा निम्मा घोळ झालाच नसता.

सध्याची स्थिती

२०२५च्या हंगामानंतर रुग्णालयाने तिला निम्म्या वेळेची कायम जागा दिली. तास वर्षभरात विभागलेले: नोव्हेंबर ते एप्रिल जवळपास पूर्णवेळ, मे ते ऑक्टोबर आठवड्यातून एक दिवस, तोही बाह्यरुग्ण विभागात. पगार दर पंधरवड्याला सारखाच येतो, त्यामुळे आजीचे पैसे पुन्हा ठरलेल्या तारखेला जाऊ लागले आहेत. करारावर ‘दुखापत झाल्यास बसून करण्याच्या कामाचा विचार केला जाईल’ असं एक वाक्य आहे. ‘केला जाईल’ऐवजी ‘दिलं जाईल’ असं हवं म्हणून तिने आणि युनियनच्या प्रतिनिधीने आग्रह धरला, पण तो मानला गेला नाही.

ती आता तिशी ओलांडलेली आहे. मूल हवं आहे. सामूहिक करारात गर्भारपण आणि बाळंतपणासाठी धोरण आहे, पण एका वर्षाच्या करारावर ते कितपत पुरेल याचा हिशेब अजून लागलेला नाही. सामूहिक कराराची मुदत २०२७मध्ये संपते. पुढच्या वाटाघाटींसाठी खेळाडूंच्या संघटनेने क्लबांमधून मुद्दे मागवले की कोणता मांडायचा हे तिने ठरवलं आहे: खेळताना झालेल्या दुखापतीमुळे खेळाडूचा दुसरा पगार बुडाला तर पहिले सहा महिने त्याचा काही भाग क्लबने किंवा लीगने द्यावा. किती भाग, याबद्दल तिच्या संघात अजून एकमत नाही. ज्या शिक्षिका आहेत त्या निम्मा म्हणतात, ज्या रोजंदारीवर आहेत त्या पूर्ण.